बंद दाराआडचा साज

समुद्रकाठच्या तोर्रेस्कुरा गावात ऑगस्ट उजाडला, की माणसे कमी आणि पाहुणे जास्त, हे दोन्ना वेनेरान्दा गेली कित्येक वर्षे मुकाट्याने सोसत होत्या. मुकाट्याने म्हणजे त्यांच्या मते. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ते स्पष्ट ऐकू जाई. सकाळी एका गावात कॉफी, दुपारी दुसऱ्या गावात मासे, संध्याकाळी तिसऱ्या गावात सूर्यास्त. आणि तेवढ्या भांडवलावर हे लोक घरी सांगणार, की हा किनारा आम्हांला कळला. उकडलेल्या कोळंबीसारखी लाल झालेली ती माणसे अर्ध्या चड्डीत चर्चमध्ये शिरत, तेव्हा बाई त्यांच्या गुडघ्यांकडे अशा पाहत, की गुडघ्यांनाच शरम वाटावी.

आज उत्सवाची आदली सकाळ होती. मादोन्नाच्या, म्हणजे देवमातेच्या, मूर्तीला नवा पोशाख चढवण्याचा मान बाईंच्या सासरच्या स्त्रियांचा. दार बंद, आत दोघीच. आणि आतले वस्त्र बदलताना त्या दोघींनीही मान भिंतीकडे फिरवायची, नाड्या हाताच्या अंदाजाने बांधायच्या. बावन्न वर्षे त्या खोलीची किल्ली बाईंच्या कमरेला होती. आता बोटे वळत नव्हती. किल्ली नात मिरेल्ला हिला द्यावी, की मठातल्या नन्सच्या हवाली करावी, हे आज ठरायचे होते. मिरेल्ला त्याच पाहुण्यांना बसमध्ये बसवून गावोगाव हिंडवी. तिचे पोट त्यावर होते, आणि बाईंची शंकाही त्यावरच होती.

चर्चच्या दारात भाचा ओरोन्झो उभा होता. नगरपालिकेत उत्सवाचे काम त्याच्याकडे.

“आत्या, दार बंदच राहील हो! फक्त मिरेल्लाचा फोन आत. चित्र बाहेर पडद्यावर दिसेल. चाळीस पाहुणे आलेत.”

“मग तूच बदल की कपडे त्यांच्यापुढे. तुझं पोट बघायलाही जमतील.”

“जमाना बदललाय, आत्या.”

“जमाना बदलला, तू मात्र तसाच राहिलास. आधी नाक पूस.”

पन्नाशीच्या ओरोन्झोचा हात खरोखरच नाकाकडे गेला. “मिरेल्ला हो म्हणालीय,” तो पुटपुटला. “पुढच्या वर्षी बस कुणाला द्यायची, ते मीच ठरवतो ना.”

बाई आत गेल्या. मागोमाग मिरेल्ला, तिने कडी घातली. फोन तिच्या हातात, मूर्तीवर रोखलेला. ‘ठेव तो खाली’ एवढे म्हटले असते, तरी पुरे होते. बाईंनी ते म्हणायचे नाही, असे ठरवले. सांगून आलेली लाज त्यांना नको होती.

मुकुट उतरला. निळा झगा उतरला. बाहेरून कौतुकाचे हुंकार आले. बाईंनी मान भिंतीकडे फिरवून आतल्या वस्त्राच्या नाड्यांना हात घातला, आणि बोटे अडली. नाडी निसटली, पुन्हा निसटली.

“आजी, बाजूला सर. मी करते.”

“दोन्ही हात लागतात त्याला.”

मग उतरवलेल्या कपड्यांच्या टोपलीत काहीतरी टाकल्याचा मऊ आवाज झाला. बाईंनी चोरून पाहिले: मिरेल्लाचे तोंड भिंतीकडे होते, बोटे नाड्यांवर चालली होती, आणि फोन गेल्या वर्षीच्या परकराखाली गडप झाला होता.

बाहेर पडदा काळा झाला. पाहुण्यांनी तो काळोख दहा मिनिटे तल्लीन होऊन पाहिला. एका गृहस्थाने टोपी काढली, दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या. मग बसची वेळ झाली. पुढच्या गावात मासे थंड होत होते.

ओरोन्झोने दारावर थापा मारल्या. “मिरेल्ला! अगं, काही दिसलं नाही!”

“दिसायचं नसतंच, काका!”

बाईंनी गाठ चाचपली. “पोतं बांधलंयस की देवमाता? पुढच्या वर्षी जरा सैल.”

“पुढच्या वर्षी मला बस मिळायची नाही, आजी.”

“कशी मिळत नाही? त्याच्या आईकडे आज मीच जाते. ती माझ्यापुढे खुर्चीवरसुद्धा बसत नाही.”

मग बाई ताठ उभ्या राहिल्या आणि त्यांनी कमरेच्या किल्लीच्या दोरीला हात घातला. बोटे तिथेही अडली.

“ही गाठपण सुटेना मला,” त्या दरडावून म्हणाल्या. “बघत काय राहिलीस? ये, सोड.”