माझ्यातला चहा गार झाला

मी एक जुना, जाड काठाचा पांढरा कप आहे. मित्रांनो, मला पाहून कुणी 'किती सुंदर' म्हणणार नाही. माझा कान इतका ओबडधोबड आहे, की नाजूक बोटांना तो नीट धरताही येत नाही. माझी गोष्ट मी एका शनिवारपासून सांगतो. तो अगदी साधा दिवस होता, आणि त्यानंतर तसा दिवस आमच्या घरात पुन्हा आला नाही.

त्या शनिवारी नोला ब्रेथवेटने परसातल्या झाडाखाली पडलेली फिजोआची फळं वेचली, माझ्यातून चहा घेतला आणि मुलीला फोन लावला.

"रोवेना, फळं सडायला लागलीत. येऊन घेऊन जा, नाहीतर गुपचूप शेजाऱ्यांच्या दारात ठेवून येईन."

"शेजाऱ्यांनीही तेच केलं असेल, आई. तुझ्या पायरीवर बघ."

नोलाने दार उघडून पाहिलं. खरंच तिथे एक पिशवी होती. ती इतकी हसली, की मी तिच्या हातात डचमळलो. रविवारी सकाळी नोला उठलीच नाही. झोपेतच गेली.

आता सुरुवातीकडे जातो. ऑकलंडच्या एका भट्टीत माझा जन्म झाला. मला मुद्दामच जाड घडवलं होतं, कारण मला रेल्वेत नोकरी करायची होती. वाइकौरा स्टेशनच्या उपाहारगृहात मी रुजू झालो. गाडी तिथे जेमतेम दहा मिनिटं थांबायची, आणि तेवढ्यात अख्खी गाडी काउंटरवर कोसळायची. नोला आणि तिची मैत्रीण डॉट आम्हा कपांना एकमेकांना चिकटून ओळीत उभं करायच्या आणि भल्यामोठ्या किटलीची चोच जराही न उचलता या टोकापासून त्या टोकापर्यंत चहा ओतत जायच्या. लोक कोपरं मारत यायचे, सँडविच आणि फ्रूटकेक खिशात कोंबायचे, पोळणारा चहा घशाखाली ढकलायचे. शिट्टी झाली की कितीतरी जण आम्हाला घेऊनच डब्यात पळायचे. मी दोनदा चालत्या गाडीतून बाहेर पडलो आणि रुळांकडेच्या गवतात लोळलो. रेल्वेच्या माणसांनी मला उचलून परत आणलं. मी फुटलो नाही. "हा कप रेल्वेपेक्षा जास्त जगेल," असं एकदा एक गार्ड म्हणाला होता, आणि झालंही तसंच. उपाहारगृह बंद पडलं तेव्हा नोलाने मला घरी आणलं. मग बरीच वर्षं मी खिडकीत पेन्सिली आणि सुतळीचे तुकडे सांभाळत बसलो.

घरात मी एक गोष्ट रोज पाहिली. नोला कधी बसून जेवली नाही. मी येण्याआधी, रोवेना लहान होती तेव्हा, त्यांचं घर स्टेशनला लागूनच होतं म्हणे. मुलीचं ताट टेबलावर मांडून नोला सिंकपाशी उभ्याने दोन घास खायची, कान रुळांकडे. गाड्या बंद झाल्या, ती सवय मात्र गेली नाही. समोरची खुर्ची रिकामीच राहायची. रोवेना मोठी झाली, शिकली, शिक्षिका झाली. पण आईने एकदा तरी आपल्यासमोर बसून निवांत जेवावं, ही तिची इच्छा तशीच राहिली. ती तिने कधी बोलून दाखवली नाही. मला मात्र दिसायचं, ती त्या खुर्चीकडे कशी बघते ते.

म्हणून रोवेनाने आईला परदेशी न्यायचं ठरवलं. समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलियात, सिडनीहून पर्थला जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीने, जिथे जेवण बसल्या जागी वाढतात. नोलाने पेन्सिली ओतून टाकल्या आणि मला स्वेटरमध्ये गुंडाळलं. "त्यांच्या कपांचा काय भरवसा?" ती म्हणाली.

ब्रोकन हिल स्टेशन जवळ आलं आणि गाडीचा वेग मंदावला, तशी नोला मला घेऊन दाराशी हजर!

"ऊठ, रोवेना! गर्दी व्हायच्या आत!"

"आजी, जरा दमानं," डब्याचा कर्मचारी बॅझ म्हणाला.

"आजी असेल तुझी! बाजूला हो."

गाडी थांबताच ती रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे पळाली. रांगेतल्या एका धिप्पाड खाणकामगाराला कोपराने सारून तिने चीज आणि गाजराच्या किसाचं तिथलं सँडविच घेतलं, माझ्यात चहा ओतून घेतला आणि धापा टाकत परत आली. फलाटावर सगळे आरामात फिरत होते.

"गाडी इथे दोन तास आहे, आजी," बॅझ म्हणाला.

"दोन तास? मग लोक करतात तरी काय?"

"बसून खातात!"

सगळे हसले. नोलाही हसली, आणि गाडीला टेकून उभ्यानेच खाऊ लागली.

"बस ना, आई. तो बाक आहे."

"बसते, तू खा आधी."

रोवेनाचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी दोघी मला घेऊन जेवणाच्या डब्यात गेल्या. बाहेर नुसती लाल माती आणि खुरटी झुडपं. नोला शेजारच्या टेबलावरच्या ताटल्या गोळा करायला लागली, तेव्हा वाढणारी लोरेल कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ठेवा खाली. माझी नोकरी घालवता का?"

नोला ओशाळून बसली. माझ्यात चहा आला, समोर मासा आला. पहिलाच घास घेतला, आणि गाडी थांबली. मालगाडीला वाट द्यायला, बाकी काही नाही. पण नोलाचा हात टेबलाच्या कडेवर गेला. ती अर्धी उठली. रोवेनाने श्वास रोखला. मीसुद्धा.

नोलाने बाहेर पाहिलं. मग मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, चांगला वेळ घेऊन. आणि खाली बसली.

"थांबू दे गाडीला," ती म्हणाली. "मासा फार छान झालाय."

मग काय विचारता! मासा संपला, खारट झुडपांवर पोसलेल्या मेंढीचं मटण संपलं. रानातल्या आंबटगोड क्वांडाँग फळांचा टार्ट तिने पुन्हा पुन्हा मागवला.

"तिसरा आहे हा, आजी!" लोरेल म्हणाली.

"मोजतेस काय? मी अख्ख्या गाडीला वाढलंय."

ती बोलत राहिली, हसत राहिली, गाडी कधी सुटली ते तिला कळलंही नाही. तिने मला उचललं तेव्हा चहा पार गार झाला होता.

"रोवेना, बघ! गार!" जणू बक्षीसच मिळालं होतं तिला. मित्रांनो, हजारो वेळा मी घाईत रिकामा झालो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला माझी घाई नव्हती. एवढा मान मला कधीच मिळाला नव्हता.

नोलाच्या अंत्यविधीनंतर सगळ्यांनी आपापल्या घरून एकेक ताटली भरून आणली. रोवेना उभ्यानेच सगळ्यांना वाढत होती, चहा देत होती. म्हाताऱ्या डॉटने तिच्या हातातली किटली काढून घेतली.

"तुझ्या आईच्या वरताण आहेस. बस खाली."

मित्रांनो, तुम्हाला गरम गरम वाढणारं कुणी असेल, तर त्यांचा हात धरून त्यांना आपल्यासमोर बसवा. कप पुष्कळ मिळतील.

रोवेना बसली. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आई, मी रोज तुझी वाट बघायचे. आणि तू आलीस. माझ्यासमोर बसून पोटभर जेवलीस. मला आणखी काही नको होतं."