ढकला!

माझी जीभ तिखट आहे. वस्तीच्या रोजगार मार्गदर्शन केंद्रात तसलीच लागते. इथे येणारी माणसं दारोदार नकार खाऊन आलेली असतात. गोड बोलणारे त्यांना खूप भेटलेले असतात, काम देणारं कुणी नाही.

त्या दिवशी बेकरीवाल्या बाईंचा फोन आला आणि माझं डोकंच फिरलं. "तुमचा माणूस आलाच नाही. तो तुरुंगात होता, त्याचं मला काही नाही. पण माझी भट्टी कुणासाठी थांबत नाही. वेळेवर येणारा माणूस द्या."

हा माणूस म्हणजे आमचे भट्टीवाले. भांडणात एकाला जबर जखमी केलं म्हणून बरीच वर्षं आत काढली आणि तिथल्याच भट्टीवर पाव भाजायला शिकले. म्हणून केंद्रात त्यांना भट्टीवाले हेच नाव पडलं. सुटल्यावर ते बहिणीकडे राहत होते. मेहुण्यांनी मात्र साफ सांगितलं होतं, महिनाअखेरपर्यंत काम लागलं तर राहा, नाहीतर आपला रस्ता धरा.

भट्टीवाले आले तसं मी त्यांना फैलावर घेतलं. "मी त्या बाईंच्या हातापाया पडून शब्द टाकला आणि तुम्ही घरी लोळत पडलात?"

"गेलो होतो, ताई. वेळेच्या आधीच गेलो होतो. दाराशी उभा होतो."

"मग आत का नाही गेलात?"

यावर मान खाली घालून पिशवीचा पट्टा गुंडाळत बसले. काय करायचं या माणसाचं! मी तणतणत पाणी प्यायला बाहेर गेले. दार मागे आपोआप लागलं.

परत आले तर दाराच्या काचेतून भट्टीवाले दिसले. पिशवी खांद्याला, निघायच्या तयारीत, दाराला नाक लावून उभे. दाराला कुलूप नाही, कडी नाही. तरी दोन्ही हात बाजूला सरळ सोडलेले. कुणीतरी उघडेल म्हणून वाट बघत होते.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. इतके दिवस हा माणूस माझ्या दाराबाहेर थांबायचा, मी उघडून 'या' म्हटलं की मगच आत यायचा. मला वाटायचं, काय रीतभात आहे! कसली रीतभात? तुरुंगात इतकी वर्षं दार दुसऱ्याने उघडायचं आणि यांनी चालायचं.

पण मी दार उघडलं नाही. बाहेरूनच ओरडले, "ढकला!"

"ताई, तुम्हीच जरा..."

"मी म्हातारी होईपर्यंत इथेच उभी राहीन. ढकला म्हणते ना!"

त्यांनी हात लावला, मागे घेतला, पुन्हा लावला. आणि मग दार असं आलं की थेट माझ्या कपाळावर. टेंगूळच आलं.

"शाब्बास," मी कपाळ चोळत म्हणाले.

मग आम्ही हात धुऊन दारांच्या मागे लागलो. पोस्ट, औषधाचं दुकान, वाचनालय. दार उघडायचं, आत जायचं, बाहेर यायचं. एकदा भट्टीवाले न्हाव्याकडे शिरले आणि काय बोलावं सुचेना, म्हणून केस कापून आले. कधी कधी पायच उचलायचा नाही. "आज नाही जमत, ताई." "मग उद्या जमवा," मी म्हणायची.

बेकरीवाल्या बाईंना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, मग मीच आतून उघडते की, त्यात काय!"

"अजिबात नाही," मी म्हणाले. "पहाटे भट्टी पेटवायला ते एकटेच येणार ना? तेव्हा कोण उघडणार आहे?"

बाई म्हणाल्या, "बरं. पण ही शेवटची संधी."

त्या सकाळी मी समोरच्या फुटपाथवर उभी होते. भट्टीवाले बेकरीच्या दाराशी गेले आणि थांबले. हात बाजूला सरळ. आतून बाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि मुद्दाम पाठ फिरवली. माझा जीव टांगणीला. एवढ्यात एक आजोबा गिऱ्हाईक आले, त्यांनी दार उघडलं आणि भल्या मनाने धरून ठेवलं. "या ना, या."

मेलं! आता हे मागोमाग शिरणार आणि सगळ्यावर पाणी पडणार. मी रस्त्यात धावणारच होते.

भट्टीवाल्यांनी मान हलवली. "तुम्ही व्हा पुढे, आजोबा."

दार पुन्हा लागलं. त्यांनी पँटला तळहात पुसले, दाराला लावले आणि ढकललं. आत गेले. मी भर फुटपाथवर एकटीच टाळ्या वाजवल्या, लोक बघत राहिले.

पुढच्या महिन्यात मी एका नव्या बाईंशी बोलत होते. त्या आधीच रडकुंडीला आलेल्या. तेवढ्यात धाडकन दार उघडलं. ना टकटक, ना "येऊ का". मी सवयीने खेकसले, "दार वाजवायची काही पद्धत आहे की नाही?"

"नाही, ताई," भट्टीवाले म्हणाले. भुवयांपर्यंत पीठ लागलेलं, हातात गरम पावांची पिशवी.

माझे डोळे भरून आले. "बाहेर व्हा आधी," मी म्हणाले, "आणि पुन्हा अगदी तसेच आत या."