लोसाचे अकरा तास

"अकरा तास?" इओआने सिएटलहून फोनवर ओरडला होता. "आई, दोन तासांत पुढचं विमान मिळतंय. अकरा तास होनोलुलूत काय माशा मारणार आहेस?"

"मारीन हव्या तर. तू तिकीट काढ," लोसा म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

गेल्या नऊ वर्षांत लोसा तीन वेळा लेकाकडे गेली होती. तिच्या बेटावरून, पागो पागोहून, निघालेलं विमान पहाटे होनोलुलूला उतरायचं, दोन तासांनी सिएटलचं सुटायचं. त्या दोन तासांत ती बाकावर बसून स्वतःला समजवायची की वेळच कुठे आहे, नाहीतर गेले असते. विमानतळापासून बसने अर्ध्या तासावर, कालिहीत, तिची धाकटी बहीण वायोला राहत होती. नऊ वर्षांत दोघी एक शब्द बोलल्या नव्हत्या, आणि दोष बिचाऱ्या तिकिटावर जात होता.

या खेपेला नातीचं लग्न होतं. लोसाची बॅग परस्पर सिएटलला जाणार होती. काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेली एक वळकटी आणि हातात कोकोच्या वड्यांची पिशवी, एवढंच घेऊन ती बसमध्ये चढली.

"आंटी, गाठोडं मांडीवर घ्या, वाटेत नको," ड्रायव्हर म्हणाला.

"मांडीवरच घेते. पोरासारखं सांभाळलंय ते," लोसा म्हणाली.

वळकटीत आईने विणलेली मानाची चटई होती. केतकीची पानं इतकी बारीक चिरलेली की हात फिरवला तर कापड वाटावं. आईला ती विणायला दोन वर्षं लागली होती. आठ वर्षांची वायोला सारखी लुडबुड करायची, म्हणून आईने एक कोपरा तिच्या हवाली केला. तो झाला वाकडातिकडा. आईने तो उसवला नाही. "राहू दे. हरवली तर ओळखायला बरी," ती म्हणाली. पुढे मरताना तिने ही चटई वायोलाला द्यायला सांगितली.

मयताच्या दिवशी पलीकडच्या गावचे लोक अनपेक्षितपणे मोठा आहेर घेऊन आले. परत द्यायला मानाची एक चटई कमी पडली. सगळं गाव बघत होतं. लोसा घरातली थोरली. तिने आत जाऊन तीच चटई आणली आणि देऊन टाकली. वायोला त्याच रात्रीच्या विमानाने गेली. जाताना भांडलीही नाही, आणि तेच लोसाला जास्त लागलं.

मानाच्या चटया कुणाकडे कायमच्या मुक्कामाला राहत नाहीत. आज या घरच्या मयताला, उद्या त्या घरच्या लग्नाला. गेल्या महिन्यात तिच्याच लेओने गावात एका पाद्रीबाबांच्या मयतानंतर लोसाच्या वाट्याला एक चटई आली. घरी येऊन तिने ती उलगडली आणि कडेवरून हात फिरवला. वाकडा कोपरा तिच्या हातात होता.

वायोलाच्या घराची खिडकी काचेच्या पट्ट्यांची होती. दोन पट्ट्या फाकल्या आणि आतून आवाज आला, "कोण मेलं?"

सकाळी सात वाजता न कळवता नातेवाईक दारात आला, तर दुसरं काय विचारणार?

"कुणी नाही. मी आलेय."

"ते दिसतंय. कुणी मेलं नसेल तर जा." पट्ट्या मिटल्या.

लोसा दारात उभी राहिली. विमान पाचला होतं. परत फिरणं सोपं होतं, पण बहिणीला न भेटता परत त्या बाकावर जाऊन बसणं तिला आता जमणार नव्हतं. मग तिने असं काही केलं, जे लेओनेत कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी कपाळाला हात लावला असता. दारासमोरच्या आंब्याखाली सिमेंटवर ती मांडी घालून बसली, चादर सोडली आणि चटई डोक्यावरून पांघरली.

याला इफोंगा म्हणतात. घरातल्या माणसाच्या हातून खून झाला, कुणाची अब्रू गेली, की त्या घरचा कर्ता दुसऱ्याच्या दारात असा येऊन बसतो. आतल्यांनी येऊन चटई उचलली की माफी मिळाली. नाही उचलली तर बसून राहायचं. बहिणी-बहिणींच्या भांडणासाठी हे कुणी केल्याचं ऐकिवात नव्हतं.

"लोसा! हा काय तमाशा?" आतून आवाज. "खून केलायस का कुणाचा?"

लोसाने चटई आणखी पुढे ओढली. बसलेल्याने बोलायचं नसतं.

ऊन वर चढलं. शेजारची फिलिपिनो बाई, कोराझोन, हातात नळी घेऊन झाडांना पाणी घालत होती. ती कुंपणापाशी आली. "वायोला, तुझ्या दारात चटईखाली कोणीतरी आहे गं. जिवंत आहे ना?"

"आहे! तिला काय होतंय!"

"घाम गळतोय बाईचा. पोलीस बोलावू?"

"पोलीस कशाला? बहीण आहे माझी!"

नऊ वर्षांनी ते वाक्य ऐकून चटईखाली लोसाला हसू आलं आणि रडूही आलं. कोराझोनने चटईखालून पाण्याचा ग्लास सरकवला. इफोंगात पाणी चालतं की नाही, हे लोसाला आठवेना. तिने पिऊन टाकलं.

साडेनऊच्या सुमारास दार धाडकन उघडलं. चपला फटफट वाजवत वायोला आली. "ऊठ! गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. उचलते एकदाची ही—"

चटईच्या कडेवरून बोटं फिरल्याचं लोसाला आतून जाणवलं. बोटं एका जागी थांबली.

"हा कोपरा माझा आहे," वायोला हळूच म्हणाली.

"तुझाच. म्हणून तर आणली."

"मग आधी सांगायचं नाही, मूर्ख बाई?"

"तू दार उघडलंस कुठे?"

वायोलाने चटई उचलली. लोसा घामाने निथळत होती, केस कपाळाला चिकटले होते. बोलायला म्हणून तिने मोठं भाषण पाठ केलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. "मी चुकले गं," ती म्हणाली. "कमी पडलो असतो तर पडलो असतो. मला चारचौघांत मान हवा होता, म्हणून तुझी वस्तू दिली."

वायोलाने चटईत तोंड खुपसलं आणि मोठ्याने रडली. मग नाक पुसून म्हणाली, "खाल्लंयस का काही?"

झालं. पुढचे तास कसे गेले ते दोघींना कळलं नाही. लोसाच्या कोकोच्या वड्या भांड्यात उकळल्या. वायोलाने नारळाच्या दुधातली अळूची पानं गरम केली, नीरफणस भाजला, एक ताट कुंपणावरून कोराझोनकडे गेलं. मग पंख्याखाली जमिनीवर पाय पसरून गप्पा. वायोला म्हणाली, आई लोसाचेच लाड करायची. लोसा म्हणाली, मग कोपरा उसवला का नाही? दुपारी बोलता बोलता दोघी घोरायला लागल्या. तीन वाजता कोराझोननेच कुंपणावरून हाका मारून उठवलं.

वायोलाची जुनी गाडी खोकत विमानतळावर पोचली. लोसा उतरली, तर वायोलाने मागच्या सीटवरून वळकटी काढून तिच्या हातात दिली.

"हे काय? तुझी आहे ती!"

"माझी आहे म्हणूनच देतेय. पोरीच्या लग्नात आहेर पुकारतील तेव्हा मोठ्याने सांगायला लाव: कालिहीच्या वायोलाकडून."

"अगं, पुन्हा कुणाकडे तरी जाईल!"

"जाऊ दे. फिरून येते ती, बघितलंस ना? मला फक्त एकदा विचारायला हवं होतं, लोसा. मी दिलीच असती."

वळकटी मधे धरूनच दोघींनी मिठी मारली. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले. "वाजवा!" वायोला त्यांच्यावर खेकसली.

विमानतळाच्या दारापाशी पोचल्यावर लोसाने लेकाला फोन लावला.

"आई! कंटाळलीस ना? म्हटलं होतं मी. परतीचं दोन तासांचंच काढलंय, काळजी करू नकोस."

"ते बदल."

"परत अकरा तास?"

लोसाने मागे वळून पाहिलं. वायोला गाडी हलवायला सांगणाऱ्या पोलिसाशी हुज्जत घालत अजून तिथेच उभी होती.

"अकरा तासांत काय होतंय रे," ती म्हणाली. "पागोचं विमान आठवड्यातून दोनदाच सुटतं. एक सोडून त्याच्या पुढचं बघ."