वेंडेलच्या छपरावरची तांब्याची दांडी

रविवारी दुपारी वेंडेल प्रुइटच्या अंगणात अख्खी गल्ली लोटली होती. शेगडीवर हिरव्या मिरच्या भाजत होत्या, पण सगळ्यांच्या माना वर. छपरावर सौर पॅनेलांच्या मधोमध तांब्याची दांडी उभी होती आणि खाली ती बसवणारे, पांढऱ्या हॅटमधले फिरते धर्मोपदेशक ब्रदर थॅडियस हात पसरून गर्जत होते.

"धुराड्याची सावली पडलीय, दिसतेय ना? तरी वीज थांबत नाही! दांडीनं एकेका पॅनेलचा आत्मा जागा केलाय. वेंडेल, दाखव फोन!"

वेंडेलनं ऐटीत फोन फिरवला. पडद्यावर प्रत्येक पॅनेलचा आकडा वेगळा. लोकांनी तोंडात बोटं घातली.

शेजारच्या रूडी लुसेरोचा जळफळाट झाला. त्याच्या फोनवर सगळ्या छपराचा मिळून एकच आकडा, आणि उन्हं कलली, त्याच्या अंगणातल्या पेकानच्या, म्हणजे अक्रोडासारख्या झाडाची सावली एका कोपऱ्यावर आली, की तोही धाडकन खाली. ऊन तेच, गल्ली तीच, आणि नशीब मात्र या वेंडेलचं! पॅनेलंसुद्धा घराबरोबर आयती मिळालेली.

ब्रदरनी त्याच्या चेहऱ्यावरची जळजळ बरोबर ओळखली. "तुझं झाड तुझी वीज पितंय, बाबा. ते पाड, मग तुलाही दांडी देतो."

ते झाड रूडीच्या बायकोनं, लुसियानं लावलेलं. ती गेल्यापासून तो रोज त्याच्याखाली बसायचा. पण आज त्याला झाड दिसतच नव्हतं, वेंडेलचा फोन दिसत होता. त्यानं करवत आणली आणि बुंध्याला लावली.

"रूडी! ठेव ती खाली!" त्याची थोरली बहीण ओफेलिया मिरच्या टाकून धावत आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची.

"ताई, मध्ये पडू नकोस. वेंडेलला सावलीतही वीज मिळते, मग मला का नाही?"

"हे बरं विचारलंस! चल, छपरालाच विचारू. वेंडेल, शिडी आण."

तिनं वर चढून दांडी उपटली. वेंडेल फोन बघत म्हणाला, "आकडे जिथल्या तिथे आहेत."

"प्रभाव रेंगाळतो!" ब्रदर ओरडले.

"रेंगाळू द्या." तिनं एका पॅनेलवर घोंगडी टाकली. त्या एकाचाच आकडा पडला. मग शिडी रूडीच्या घराला लावून तीच घोंगडी त्याच्या एका पॅनेलवर टाकली, तर सगळ्या छपराचा आकडा कोसळला.

"वेंडेलच्या प्रत्येक पॅनेलखाली एक चपटी डबी आहे. मायक्रो इन्व्हर्टर म्हणतात तिला. पॅनेलची वीज ती जागच्या जागी घरात वापरण्याजोगी करते. म्हणून सावली एकावर, तर तोटा एकाचाच, आणि आकडाही ज्याचा त्याचा. एखादी डबी बिघडली तरी बाकीची पॅनेलं चालू. तुझी पॅनेलं एका माळेत आहेत, रूडी, भिंतीवरच्या एकाच पेटीला जोडलेली. एक मंदावलं की ते सगळ्यांना मागे ओढतं."

"म्हणजे दांडीच्या आधीही असंच होतं?" वेंडेल चाचरला.

"तू बघितलं होतंस?"

"छे! दांडी बसवल्यावरच फोन बघायला लागलो."

हशा पिकला. ब्रदरनी दांडी काखोटीला मारली आणि गाडी गाठली.

"म्हणजे याला न मागता, न कळता मिळालं?" रूडी धुसफुसला.

"हो. जळायचंच तर डबीवर जळ, ती तुलाही बसवता येईल." मग ओफेलिया सगळ्यांकडे वळली. "कुणी चमत्कार दाखवला, तर एवढंच करा. ती वस्तू काढा आणि काय बदलतं ते बघा. टाळ्या त्यानंतर वाजवा."

रूडी झाडाकडे गेला. बुंध्याच्या सालीत करवतीची ताजी खाच होती. त्यानं तिच्यावर तळहात दाबून धरला. सावली हळूहळू त्याच्या छपरावर सरकत होती. त्यानं फोन न बघताच खिशात टाकला आणि लुसियाच्या झाडाखाली बसला.