पाच मिनिटांचे पान

मी गोल्फच्या नियमांचे एक जुने पुस्तक आहे, मित्रांनो, आणि माझे आयुष्य धाकात गेले आहे. नियमांचे पुस्तक म्हटले की लोकांना वाटते, ते कुणाला घाबरत नसेल. तसे नाही. माझ्यातला एक शब्द चुकीचा निघाला तर जन्माचे मित्र एकमेकांचे तोंड बघेनासे होतात. हे ज्याला ठाऊक आहे त्याला स्वस्थता कुठून येणार?

छापखान्यात माझ्यासारखी हजारो पुस्तके जन्मली. मी खिशात मावेल एवढे, पातळ कागदाचे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पिटकार्नी गावात मला वॉटी टोल्मीने नेले. वॉटी आठवडाभर होड्यांची इंजिने दुरुस्त करी आणि शनिवारी गावच्या क्लबात पंच म्हणून उभा राही. त्याच्या कोटाच्या खिशात मी, तंबाखू आणि पेपरमिंटच्या गोळ्या असा आमचा संसार होता. वाद झाला की तो मला काढी, बोट ओले करून पान उलटवी आणि सावकाश वाची. मग वाद तिथेच मिटे. समासात त्याने पेन्सिलीने टिपणे केली होती. हरवलेला चेंडू शोधायला पाच मिनिटे मिळतात, या ओळीखाली त्याने दोन रेघा मारून लिहिले होते, ‘एक सेकंदही कमी नाही.’ ते माझे मानाचे दिवस होते.

एका हिवाळ्यात छातीत कळ येऊन वॉटी गेला. कोट दाराआड खुंटीवर लटकत राहिला. दोन वर्षे मी त्या अंधाऱ्या खिशात होते. ओल चढून माझ्या कडा फुगल्या. एके दिवशी वॉटीची बायको इशबेल हिने कोट कुणाला तरी देऊन टाकायला खाली काढला. तिने खिसे उलटे केले. गोळ्यांचे कागद शेगडीत गेले, तंबाखूची पुडी गेली. आता तिच्या हातात मी होते. आगीची धग माझ्या मुखपृष्ठाला लागली आणि मला वाटले, संपले. पण तिने मला उघडले, नवऱ्याचे अक्षर पाहिले आणि ती तिथेच जमिनीवर बसली.

इशबेल तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होती. पंधराव्या वर्षी शाळा सोडून तिने मासे धुरावर धरून टिकवण्याच्या शेडमध्ये काम धरले होते. परीक्षेचे नाव काढले की ती उठून दुसऱ्या कामाला लागे. पण क्लबाला पंच मिळत नव्हता. “वॉटीची जागा रिकामी बघवत नाही मला,” असे म्हणून तिने पंचांच्या परीक्षेला नाव दिले.

माझी खरी भीती इथून सुरू झाली. कारण त्याच वर्षी नियम बदलले होते. घरात नवे पुस्तक आले, कोरे, चकचकीत. इशबेल दुपारी आम्हा दोघांना टेबलावर उघडून बसे. नव्याच्या चार ओळी वाचून झाल्या की तिचा हात माझ्याकडे येई. माझ्यात वॉटी होता ना! ती माझीच वाक्ये मोठ्याने घोकू लागली. मला ओरडावेसे वाटे, ‘बाई, हे आता खरे राहिले नाही!’ पण मित्रांनो, पुस्तकाला छापले आहे तेवढेच बोलता येते.

परीक्षेच्या दिवशी मी तिने खुर्चीवर टाकलेल्या तिच्याच कोटात होते. ती प्रश्न पुटपुटत वाची, म्हणून मला कळत होते. एका प्रश्नावर ती फार वेळ अडली. नियम माहीत असूनही दोन्ही खेळाडूंनी संगनमताने तो सोडून दिला तर काय? शेवटी तिने स्वतःशीच म्हटले, “दोघंही बाद,” आणि पेन चालू लागले.

मग तिने कोट चढवला आणि परीक्षक मिसेस ऑर तिला बाहेर गवतावर घेऊन गेल्या. त्यांनी तिच्या हातात चेंडू दिला. “समजा, तुम्हाला दंडाशिवाय जागा बदलायची मुभा मिळाली आहे. चेंडू खाली टाकून दाखवा.”

माझ्या काळात चेंडू खांद्याच्या उंचीवरून टाकत. आता गुडघ्याच्या उंचीवरून टाकायचा होता. इशबेलचा हात सरळ खांद्यापर्यंत गेला. माझ्या शिवणीचा धागा न् धागा ताठ झाला. मीच तिला हे शिकवले होते! हात तिथेच थांबला आणि हळूहळू खाली येत गुडघ्याशी आला.

“पास आहात. पण काठावर,” मिसेस ऑर म्हणाल्या. “तुमच्या डोक्यात दोन पुस्तकं आहेत, बाई. मैदानावर एकच न्या.”

तिने ऐकले नाही. एका खिशात नवे आणि दुसऱ्यात मी, अशी ती क्लबाच्या ऑगस्टमधल्या अंतिम सामन्याला पंच म्हणून गेली.

सामना डॉड मर्न्स आणि शाळामास्तर फोर्ब्स यांच्यात होता. डॉड एकाहत्तर वर्षांचा, समुद्रात शेवंड, म्हणजे लॉब्स्टर, पकडणारा, वॉटीचा बालमित्र. तीनदा अंतिम फेरीत हरलेला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे तळव्याकडे वळत चालली होती. पुढच्या वर्षी काठी धरता येईल की नाही, कुणास ठाऊक. सोळा होलनंतर दोघे बरोबरीत होते. सतराव्यावर डॉडचा चेंडू पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांत शिरला. पहिला हरवलाच तर उपयोगी पडावा म्हणून लगेच दुसरा, राखीव चेंडू मारून ठेवता येतो; पण सहज सापडेल म्हणून त्याने तो मारला नव्हता. तेवढ्यात समुद्रावरून धुके आले.

इशबेलने घड्याळ पाहिले. माझ्या काळी पाच मिनिटे होती. आता तीन.

“डॉड, वेळ संपली,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिने पुन्हा सांगितले. डॉड काट्यांत हात घालतच राहिला. मिनिटभराने तो ओरडला, “हा बघ! माझाच! निळा ठिपका!”

“उशीर झाला, डॉड. तीनच मिनिटं मिळतात आता.”

“तीन? अगं, मी काय अंडं उकडतोय? वॉटीनं मला चाळीस वर्षं पाच दिली!” त्याला तिच्या खिशातून माझी फुगलेली कड दिसली. त्याने मला खेचून काढले. माझा कणा नेमका त्या पानावर मोडलेला होता, मी तिथेच उघडले. “हे वाच. कुणाचं अक्षर आहे? एक सेकंदही कमी नाही!”

मित्रांनो, आगीजवळही मी इतके घाबरले नव्हते. तिच्याविरुद्ध साक्षीला मला उभे केले होते, तेही तिच्याच नवऱ्याच्या अक्षरात. धुक्याने माझ्यावरची सारी अक्षरे पुसून जावीत असे मला वाटले.

फोर्ब्स भला माणूस. तो म्हणाला, “राहू द्या, मिसेस टोल्मी. मारू दे त्यांना. माझी हरकत नाही.”

इशबेलच्या ओठांवरचा रंग उडाला. “असं बोलू नका, मास्तर! दोघांनी ठरवून नियम सोडलात तर दोघांनाही बाद करावं लागेल मला.” मग ती डॉडकडे वळली. “हे वॉटीचं पुस्तक आहे, डॉड. तेव्हा ते बरोबर होतं. आज तो असता तर त्यानंही तीनच दिली असती आणि घरी येऊन जेवला नसता. चेंडू हरवला. एका फटक्याचा दंड घे आणि मागे जाऊन पुन्हा मार.”

डॉडने मला तिच्या हातात कोंबले आणि तो मागे गेला. ते होल त्याने गमावले, पुढचे बरोबरीत सुटले, सामना गेला. क्लबात इशबेलला बसायला कुणी सरकून जागा दिली नाही. तिने उभ्यानेच चहा घेतला. कप स्वतःच विसळून ठेवला.

मंगळवारी दार वाजले. डॉड होता, कागदात गुंडाळलेले दोन धुरवलेले मासे घेऊन.

“माझा राग गेलेला नाही,” तो दारातूनच म्हणाला. “पण ते नवीन वाचून दाखव. बारीक अक्षर दिसत नाही मला.”

ती वाचत राहिली. दर नियमाला तो म्हणे, “मूर्खपणा!” गुडघ्याचा नियम आला तेव्हा म्हणाला, “माझा गुडघा वाकतो तरी का?” आणि इशबेल कितीतरी दिवसांनी हसली. तो गेल्यावर तिने लाल पेन्सिलीने माझ्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात लिहिले, ‘जुने. निवाड्यासाठी नाही.’ आणि मला शेल्फावर वॉटीच्या फोटोशेजारी ठेवले.

म्हणून सांगते, मित्रांनो, जुन्या पुस्तकांना ओल लागू देऊ नका, आगीत टाकू नका. आमच्यात कुणाची तरी बोटे, कुणाचे तरी अक्षर असते. पण आम्हाला विचारून कुणाचा निवाडा करण्याआधी आमचे वय तेवढे बघा. लाल पेन्सिल आता फिकी पडू लागली आहे. शेल्फाजवळ कुणी अनोळखी माणूस आला की माझी पाने अजूनही आक्रसतात. वाटते, हा घाईत असेल, मला मधेच उघडेल आणि माझ्यावर विश्वास ठेवेल.