सही राहिलेलं कार्ड

इंग्रजी शब्दकोशाच्या कचेरीत एक नियम होता. कार्डावर शब्दाचा अर्थ आणि उगम लिहायचा, मागे त्या विषयातल्या जाणकाराची सही घ्यायची. सही नाही तर छपाई नाही. जहाजांच्या शब्दांना खलाशी, जोड्यांच्या शब्दांना मोची. कबुतरांच्या शब्दांसाठी तिथे काम करणाऱ्या ताईने घरातलाच जाणकार धरला. तिच्या बाबांनी चाळीस वर्षं गच्चीवर कबुतरांची ढाबळ सांभाळली होती.

आता ते तिच्याकडे राहत होते. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा ताईने जुन्या घराला कुलूप लावलं आणि कबुतरं दूरच्या गावातल्या एका हौशी माणसाला देऊन टाकली. बाबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून नाही विचारलं. आपण सगळेच असे शहाणे असतो.

बाबा चष्मा पुसून कार्डं घेऊन बसले. ‘पिजन’ हा शब्द पिल्लाच्या चिवचिवाटावरून आला, हे वाचून खूश झाले. ‘पिजनहोल’ म्हणजे आधी ढाबळीतला कबुतराचा खण, मग टेबलातला कागदांचा कप्पा, मग एखादी गोष्ट कप्प्यात टाकून विसरून जाणं. त्यावरही सही झाली. ‘स्टूल पिजन’पाशी मात्र ते तडकले.

“दुसरी पाखरं फसावीत म्हणून त्याला बिचाऱ्याला बांधून ठेवायचं, आणि वर खबऱ्या म्हणून नावही त्याचंच खराब! वा रे न्याय!”

शेवटचं कार्ड होतं ‘होमिंग पिजन’. ताईने लिहिलं होतं : कुठेही पाठवलं तरी निरोप पोहोचवून येणारं कबूतर.

“चूक,” बाबा म्हणाले. “आधी मला जुन्या घराच्या गच्चीवर घेऊन चल, मग सांगतो.”

“बाबा, तिथे आता काय आहे? आणि जिना कसा चढणार?”

“धरून धरून चढेन. तू चल तर खरी.”

ताईला वाटलं, म्हातारपणी हट्ट सुचतोय. छपाईची घाई मानगुटीवर होती. “रविवारी नक्की,” ती म्हणाली. असे तीन रविवार गेले. चौथा यायच्या आत, गुरुवारी सकाळी, चहाचा कप हातात असतानाच बाबा गेले.

दिवसकार्य उरकल्यावर ताई जुन्या घरी आवराआवर करायला गेली. गच्चीचं दार उघडलं आणि ती उभीच राहिली. ढाबळीच्या बंद दारासमोर कठड्यावर ओळीने कबुतरं बसली होती. पायात बाबांनीच घातलेली निळी कडी.

शेजारच्या काकू लागूनच्या आपल्या गच्चीवरून दाण्यांची वाटी घेऊन आल्या.

“दीड महिना झाला गं, एकेक करून सगळी परत आली. बाबांना मी फोन केला होता. काय आनंद झाला त्यांना! नंतरच्या फोनवर म्हणाले, रविवारी पोरगी आणतेय मला.”

“मला का नाही बोलले?”

काकूंनी कठड्यावर दाणे टाकले. “तुला सांगू नका म्हणाले. पुन्हा देऊन टाकशील म्हणून.”

ताईने ढाबळीच्या दाराची कडी काढली. कबुतरं धक्काबुक्की करत आत शिरली आणि आपापल्या खणात जाऊन बसली. ती तिथेच खाली बसून हमसून हमसून रडली. मग पिशवीतून कार्ड काढून तिने आपली ओळ खोडली आणि लिहिलं : लांब नेऊन सोडलं तरी आपल्या घरी येणारं कबूतर, दुसरीकडे कुठेही पाठवता येत नाही.

कार्ड उलटून ती कितीतरी वेळ कोऱ्या बाजूकडे बघत राहिली.