सकाळीच जाणारा सिग्नल

डिश दुरुस्त करणाऱ्या निलमला तिसऱ्यांदा बोलावलं होतं, तिसऱ्यांदा! डहाणूच्या किनाऱ्यावरच्या आरोग्यकेंद्रामागे ती डिश आहे ना, जिच्यावरून मुंबईचे डॉक्टर स्क्रीनवर पेशंट बघतात, तिचा सिग्नल रोज सकाळी गुल. आणि ही सरावलीहून पोचेपर्यंत दुपार, तोवर सगळं झकास! केबल बदलली, कनेक्टर बदलला, काही फरक नाही. म्हणून आज ती सकाळीच स्कूटी काढून आली. अकराला नारूकाकांचा नंबर होता. हृदयाचं ऑपरेशन करायचं की नाही ते आज कळणार होतं, आणि दोन तारखा सिग्नलपायी आधीच हुकलेल्या.

"काय गं पोरी, आज तुझी कढई चालणार का?" काका बाकावरून ओरडले.

"चालवते ना काका!"

"मागच्या वेळी पण हेच बोललीस."

आत मोडेमवर लाल दिवा. निलम धावत मागे गेली आणि बघते तर काय! डिशच्या दांड्याला दोरी, दुसरं टोक माडाला, आणि मध्ये तोंडात तोंड अडकवलेले ओलेगच्च बोंबील, ही मोठी रांग! डिश माडाकडे बोटभर ओढली गेलेली. दुपारी तिने हीच दोरी दोनदा बघितली होती, पण रिकामी. कपड्यांची समजून सोडून दिली.

"कोणाचे हे बोंबील?"

"माझे," टोपली घेऊन चंद्रावतीमावशी उभी. नारूकाकांची बायको! "आमचा बांबू मोडला गं. हे लोखंड मजबूत वाटलं. दुपारपर्यंत पाणी निथळलं की नेते ना घरी."

"अहो मावशी, वजनाने डिश हलते! दुपारी तुम्ही बोंबील नेले की परत जागेवर. आभाळात एवढ्या लांब नेम धरायचा, बोटभर सरकली की खेळ खलास."

मावशीचा चेहरा पडला. "म्हणजे ह्यांच्या दोन्ही तारखा मी घालवल्या?"

आणि टोपलीतला कोयता काढून तिने सपकन दोरीच तोडली. बोंबील वाळूत! पण आज डिश पूर्ण मागे येईना. निलमने पान्याने नट सैल केला, डिश जराजरा फिरवली. मावशी खिडकीतून मोडेम बघत ओरडतेय, "लाल... लाल... अजून लाल... हिरवा, हिरवा!"

अकराला पाच मिनिटं होती.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले. ऑपरेशन नको म्हणाले, गोळ्या पुरतील.

"हिच्या हातचे बोंबील चालतील ना?" काकांनी लगेच विचारलं. डॉक्टर एवढे हसले की आवाज बाहेर आला.

मावशी तिथेच पायरीवर बसली, पदराने डोळे पुसले, आणि मग वाळूतले बोंबील गोळा करायला उठली. निलमने पाना बॅगेत टाकला, पहार मागून आणली, आणि डिशपासून चांगली वीस पावलं लांब मावशीच्या नव्या बांबूसाठी खड्डा खणायला घेतला.